भिंतींना डोळे हवेत

भिंतींना कान असतात, असे आपण म्हणतो. भिंतीपलीकडे कोणी ऐकत असेल, तेव्हा बोलताना जपावे, एवढाच त्या म्हणीचा अर्थ. भिंतींना डोळे असतात, असे मात्र आपल्याकडे कोणी म्हटलेले नाही. आणि ते बरोबरच आहे. कारण आपण ज्या भिंती बांधतो त्या बहुधा आंधळ्याच असतात. या आंधळ्या भिंतींचा आणि चोरीमारीचा काही संबंध आहे काय, इमारत कशी बांधावी, वाट कशी आखावी, दिवा कोठे लावावा, यावर गुन्हा घडणे न घडणे अवलंबून असते काय, हा माझ्या आजच्या भाषणाचा विषय आहे. विषय पोलिसांचा वाटला तरी तो वस्तुतः तुमच्या-माझ्या दारातला आहे. मला तो एका भिंतीने शिकवला. आणि ती भिंत उंच करावी म्हणून हात वर करणाऱ्यांत मीही होतो.

नोकरीच्या निमित्ताने मी काही वर्षे बंगळूरच्या पूर्वेकडील के. आर. पुरम या भागात राहत आहे. के. आर. पुरम म्हणजे कृष्णराजपुरम. मद्रासकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्यावरचे हे गाव. याच्या शेजारी १९४८ साली दूरध्वनी यंत्रांचा सरकारी कारखाना निघाला, तेव्हा ते शहराबाहेरच होते. २००७ सालापर्यंत त्याची नगरपालिकाही स्वतंत्र होती. त्या वर्षी ते बृहद्बंगळूर महानगरपालिकेत सामील झाले. त्याआधीच, २००३ साली, येथील रेल्वेमार्गावरून तारांनी तोललेला झुलता पूल गेला होता; पुढे २०२३ च्या मार्च महिन्यात मेट्रोही आली. व्हाइटफील्डच्या कचेऱ्यांत काम करणाऱ्या हजारो तरुण-तरुणींची येथे वस्ती झाली, आणि जुन्या बैठ्या घरांच्या शेजारी उंच उंच गृहसंकुले उभी राहिली. गाव, कारखाना, महामार्ग, रेल्वे आणि मेट्रो यांची अशी एकाच ठिकाणी गर्दी झाली म्हणजे दोन वस्त्यांच्या मध्ये उरणारे तुकडे कोणाचेच राहत नाहीत. पुलाखालची जागा, कुंपणामागची बोळ, अर्धवट राहिलेला भूखंड, या त्या बेवारस जागा. नव्या शहरातले भय बहुतेक वेळा अशा जागांच्या आश्रयाने वाढते.

आमच्या संकुलाच्या मागे अशीच एक बोळ आहे. मेट्रोच्या स्थानकाकडून येणाऱ्याला ती जवळची वाट. आम्ही राहावयास आलो तेव्हा संकुलाची भिंत कमरेएवढी होती. भिंतीला लागून होंगेचे, म्हणजे आपल्या करंजाचे, एक झाड होते आणि त्याखाली कोळशाची इस्त्री करणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांची गाडी उभी असे. सर्वजण त्यांना ‘अज्जा’ म्हणत. कानडीतला अज्जा म्हणजे आपला आजाच. सकाळी सातपासून रात्री नऊपर्यंत अज्जांची इस्त्री चाले. दुसऱ्या टोकाला अय्यंगार बेकरी. तिच्यापुढे उभ्याने चहा पिणाऱ्यांचा घोळका. बोळीत अनोळखी माणूस रेंगाळला तर अज्जा मान वर करून विचारीत, ‘यारु बेकु?’, कोण हवे आहे? गिरगावच्या चाळीत गॅलरीतून जो प्रश्न यायचा, तोच हा, फक्त कानडीत.

पुढे शेजारच्या एका संकुलात घरफोडी झाली. आमच्या रहिवाशांची सभा भरली. भिंत आठ फूट करावी, वर काचा बसवाव्यात, बोळीकडे उघडणारे लहान दार बंद करावे आणि इस्त्रीची गाडी हलवावी, असे ठरले. ‘गाडीपाशी कोण कोण येते, कोणास ठाऊक!’ असे एकाने म्हटले, आणि ते कोणाला खोटे वाटले नाही. मी सरकारी नोकर असल्यामुळे ठरावाचा मसुदा मजकडे आला. तो मी नेटका लिहिला. अज्जांना आठ दिवसांची मुदत द्यावी, एवढी दया मी त्यात घातली होती, आणि त्याबद्दल मला मनातून समाधानही वाटले होते.

भिंत झाली. वर्षभरात त्याच बोळीत सकाळी फिरायला निघालेल्या एका बाईंच्या गळ्यातील सोनसाखळी दुचाकीवरून आलेल्या दोघांनी ओढून नेली. काही महिन्यांनी असाच आणखी एक प्रकार झाला. पुन्हा सभा भरली. कॅमेरे वाढवावेत, भिंत आणखी दोन फूट चढवावी, अशा सूचना आल्या. तेव्हा आमच्याच मजल्यावर राहणाऱ्या एका सांगलीकर कुटुंबातील मुलगी उभी राहिली. ती रात्रपाळी संपवून साडेदहाच्या सुमारास मेट्रोने येते. ती म्हणाली, ‘काका, भिंतीच्या आत आल्यावर मला भीती वाटतच नाही. भीती बाहेर वाटते. आणि बाहेरचे जे काही होते, ते सगळे तुम्ही बंद करून टाकले. त्या बोळीतून मी आता येतच नाही. मोठ्या रस्त्याने, अर्धा मैल फिरून येते.’

त्या रात्री मला नीट झोप आली नाही. चोराला दूर ठेवण्यासाठी आम्ही भिंत उंच केली होती. परंतु त्या भिंतीने चोर दूर राहिला नव्हता, आम्ही मात्र रस्त्यापासून दूर गेलो होतो. रस्ता आम्ही जणू दानच करून टाकला होता. मग या विषयावर जे मिळेल ते मी वाचू लागलो. आणि जगात यावर पुष्कळ विचार झालेला आहे, असे ध्यानात आले. त्याचे सार थोडक्यात सांगतो.

गुन्हा म्हटला की आपण पहिला प्रश्न विचारतो तो ‘कोणी केला?’ हा. न्यायालयाला तोच प्रश्न योग्य आहे. परंतु नगररचना करणाऱ्याने विचारावयाचा प्रश्न निराळा आहे: ‘तो तेथेच का घडला?’ १९७९ साली कोहेन आणि फेल्सन या दोन अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी असे मांडले, की गुन्हा घडण्यासाठी तीन गोष्टी एका जागी, एका वेळी याव्या लागतात: करण्याची इच्छा असलेला माणूस, त्याच्या हाती लागण्यासारखे सावज, आणि राखण करणाऱ्याचा अभाव. यांपैकी पहिली गोष्ट बदलणे हे शिक्षणाचे, रोजगाराचे, संस्कारांचे काम. त्याला पिढ्या लागतात. तिसरी मात्र विटा, दिवे आणि वाटा यांच्या मांडणीने पुष्कळ अंशी बदलता येते. राखण करणारा म्हणजे शिपाईच असला पाहिजे असे नाही. खिडकीत भाजी निवडणारी बाई, पारावर बसलेले म्हातारे, दुकानाची फळी लावणारा वाणी, हे सारे बिनपगारी राखणदारच असतात. चोर मोठा हिशेबी असतो. मला कोणी पाहील काय, पाहिले तर कोणी हटकील काय, आणि हटकले तर मला निसटता येईल काय, हा त्याचा हिशेब. त्याचा हिशेब चुकवणे, हेच या शास्त्राचे काम.

हा विचार अगदी नवा आहे असेही नव्हे. इंग्लंडमध्ये १२८५ साली विंचेस्टर येथे केलेल्या कायद्यात, बाजारगावांना जोडणाऱ्या हमरस्त्यांच्या दोन्ही अंगांस दोनदोनशे फुटांपर्यंतची झाडी-झुडपे तोडून टाकावीत, म्हणजे वाटमाऱ्यांना दबा धरून बसता येणार नाही, असे फर्मावले होते. आपल्याकडील वाड्याची रचनाही काही केवळ डौलासाठी नव्हती. मोठा दरवाजा मिटलेला असता माणसाने वाकून एकेकट्याने आत यावे अशी दिंडी, दिंडीलगतची देवडी, मग चौक आणि चौकाभोवती ओसरी. आलेल्याला घराच्या अंतर्भागात पोचण्यापूर्वी तीन ठिकाणी तरी कोणाच्या ना कोणाच्या नजरेखालून जावे लागे. चाळीची गॅलरी हे त्याचेच गरिबाघरचे रूप. एकेका खोलीत संसार, म्हणून माणसे गॅलरीत. आणि माणसे गॅलरीत, म्हणून आंगणात पाऊल टाकणाऱ्यावर पंचवीस नजरा. त्या नजरांचा जाच किती होता हे चाळीत वाढलेल्या मुलींना विचारावे. त्याविषयी भाबडेपणा नको. पण परका माणूस चाळीत ‘कोण पाहिजे?’ या प्रश्नावाचून दुसऱ्या मजल्यावर पोचला, असे सहसा घडत नसे.

या साध्या अनुभवाला शास्त्राचे रूप आले ते गेल्या शतकाच्या उत्तरार्धात. १९६१ साली जेन जेकब्स नावाच्या लेखिकेने अमेरिकेतील मोठ्या शहरांच्या जीवनमरणाविषयी एक ग्रंथ लिहिला. रस्ता सुरक्षित राहतो तो प्रथम पोलिसांमुळे नव्हे, तर रस्त्यावर सतत असणाऱ्या डोळ्यांमुळे; आणि ते डोळे तेथे राहावेत म्हणून दुकाने, घरे, खाणावळी यांची रस्त्याकडे तोंडे हवीत, दिवसाच्या निरनिराळ्या प्रहरी निरनिराळ्या माणसांना तेथे येण्याचे कारण हवे, असे तिने सांगितले. दहा वर्षांनी, १९७१ साली, सी. रे जेफ्री या गुन्हेशास्त्रज्ञाने परिसराच्या रचनेतून गुन्ह्यांना प्रतिबंध, हे नावच आपल्या पुस्तकाला दिले. आणि १९७२ साली ऑस्कर न्यूमन या वास्तुशास्त्रज्ञाचा ग्रंथ आला. रहिवाशांना स्वतः राखता येईल अशी जागा, ही त्याची कल्पना.

न्यूमनने जे पाहिले ते ऐकण्यासारखे आहे. सेंट लुईस या शहरात गरिबांसाठी अकरा मजल्यांच्या तेहतीस इमारती १९५० नंतरच्या दशकात बांधण्यात आल्या होत्या. त्या वसाहतीचे नाव प्रुइट-आयगो. भोवती मोकळी मैदाने, आत लांब सार्वजनिक सज्जे, उद्वाहक ठराविक मजल्यांवरच थांबणारे. कागदावर सारे सुंदर होते. प्रत्यक्षात ते सज्जे, ते जिने, ती मैदाने यांना कोणी वाली राहिला नाही. तेथे लूटमार माजली, आणि १९७२ पासून त्या इमारती सुरुंग लावून पाडाव्या लागल्या. गंमत अशी, की रस्त्यापलीकडे तशाच परिस्थितीतील कुटुंबांची एक बैठी वसाहत होती आणि ती नांदत होती. आणखी एक गोष्ट न्यूमनच्या ध्यानात आली. प्रुइट-आयगोतसुद्धा जेथे दोनच कुटुंबांमध्ये एक जिन्याचा टप्पा होता, तेथे तो झाडलेला, पुसलेला असे. आणि जेथे वीस कुटुंबांमध्ये एक सज्जा होता, तेथे मात्र घाण आणि भय. माणसे तीच, गरिबीही तीच. दोघांचे जे असते ते आपले वाटते. सर्वांचे जे असते ते कोणाचेच राहत नाही. अर्थात, त्या वसाहतीच्या नाशाला एकटी रचना कारण नव्हती. भाडेकरूंच्या भाड्यातूनच डागडुजी करावयाची आणि भाडेकरू तर दिवसेंदिवस अधिक गरीब, हेही कारण होते. आणि काळ्या लोकांना वेगळे ठेवण्याची वृत्तीही होती. हे सांगितल्यावाचून न्यूमनचे म्हणणे सांगणे अर्धसत्य होईल.

या सगळ्या विचारवंतांचे म्हणणे चार शब्दांत मांडता येईल: नजर, वाट, आपलेपणा आणि निगा. नजर म्हणजे पाहता येणे आणि पाहिले जाणे. वाट म्हणजे आत येण्याचे आणि बाहेर जाण्याचे मार्ग थोडे व स्पष्ट असणे. आपलेपणा म्हणजे घर, आंगण, बोळ आणि रस्ता यांमधील पायऱ्या ओळखू येणे. कोठे रस्ता संपला आणि कोणाचे आंगण लागले हे अनोळखी माणसालाही कळणे. निगा म्हणजे फुटलेला दिवा बदलणे, साचलेला कचरा उचलणे. कारण न बदललेला दिवा वाटसरूला सांगत असतो की येथे कोणाचे लक्ष नाही.

नवी मुंबईत बेलापूरला चार्ल्स कोरिया यांनी १९८० नंतरच्या दशकात उभारलेल्या वसाहतीत यातील आपलेपणाचे तत्त्व पाहावयास मिळते. सात घरे एका लहानशा चौकाभोवती. असे तीन चौक मिळून एक मोठा चौक. आणि त्यांतून पुढे गल्ली. चौक सात घरांचा असल्यामुळे त्यात खेळणारे मूल कोणाचे हे सातही घरांना ठाऊक, आणि चौकात उभा असलेला परका कोणाकडे आला आहे हेही सातही घरांना विचारता येते. हीच आपली चौकाची आणि ओसरीची परंपरा, नव्या सामानातून उभी केलेली.

आता याची उलट बाजू. १९ नोव्हेंबर २०१३ रोजी सकाळी बंगळूरच्या कॉर्पोरेशन चौकात, म्हणजे भर शहरात, एक बाई एटीएममधून पैसे काढावयास गेल्या. त्यांच्यामागून एक माणूस आत शिरला आणि त्याने आतून शटर खाली ओढले. पुढे जे झाले त्याचे चित्रण कॅमेऱ्यात झाले. सगळ्या देशाने ते पाहिले. बाई गंभीर जखमी होऊन बराच वेळ आत पडून होत्या, आणि बाहेरून माणसे जात-येत होती. त्या वाचल्या. मारेकरी तीन वर्षांहून अधिक काळाने, २०१७ साली, हाती लागला. या प्रसंगात उणे काय होते? कॅमेरा होता, दिवसाचा उजेड होता, बाहेर माणसे होती. परंतु ती खोली अशी होती, की एका हाताने ओढलेले शटर तिला तळघर करून टाकू शकत होते. ज्या दाराने गिऱ्हाइकाचे रक्षण व्हावे, तेच दार हल्लेखोराच्या हाती होते. त्यानंतर पहारेकरी नेमण्याविषयी पोलिसांनी बँकांना बजावले, आणि ते योग्यच होते. पण आतून सहज ओढता येणार नाही असे शटर आणि जाहिरातींनी न झाकलेली काच यांचे महत्त्व पहारेकऱ्याहून कमी नाही.

त्याच वर्षी, २२ ऑगस्ट रोजी, मुंबईत महालक्ष्मी स्थानकाजवळच्या शक्ती मिलच्या ओसाड आवारात एका तरुण छायाचित्रकार पत्रकार स्त्रीवर सामूहिक अत्याचार झाला. तपासात उघड झाले, की त्याआधी जुलै महिन्याच्या अखेरीसही त्याच आवारात तसाच गुन्हा घडला होता. दोन गुन्ह्यांची जागा एक असावी, हा योगायोग नव्हे. कोट्यवधी रुपये मोलाची ती जमीन दाट वस्तीच्या मधोमध होती. परंतु ती कोणाच्या नजरेत नव्हती. आणि अगदी अलीकडे, २५ फेब्रुवारी २०२५ रोजी पहाटे, पुण्याच्या स्वारगेट बसस्थानकाच्या आवारात उभ्या असलेल्या बसमध्ये एका तरुणीवर अत्याचार झाल्याच्या तक्रारीने महाराष्ट्र हादरला. स्थानक जागे होते, प्रवासी होते. परंतु दिवे विझवून उभी केलेली मोकळी बस म्हणजे त्या जागत्या स्थानकातले एक अंधारे कपाट होते. गुन्हेगाराला सबंध शहर ओसाड असावे लागत नाही. त्याला एक कपाट पुरते. या घटनांत दोष गुन्हा करणाऱ्याचाच, तो भिंतीवर किंवा शटरवर ढकलता येत नाही. परंतु कपाटे उघडी ठेवण्याची जबाबदारी मात्र आपली.

‘हे सारे तर्काला पटते, पण प्रत्यक्षात उपयोग होतो का?’ असे कोणी विचारील. याची मोजदाद झाली आहे. न्यूयॉर्कमध्ये २०१६ साली काही सार्वजनिक वसाहती चिठ्ठ्या टाकून निवडल्या आणि तेथे जादा प्रखर दिवे लावले. उरलेल्या वसाहती तशाच ठेवल्या. तेव्हा रात्री उघड्यावर घडणारे गंभीर गुन्हे सुमारे ३६ टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसून आले. फिलाडेल्फिया शहरात ५४१ पडीक भूखंडांवर असाच प्रयोग झाला. काही भूखंड तसेच ठेवले, काहींवरचा केरकचरा उचलला, आणि काहींवर त्याशिवाय हिरवळ लावून, दोन-चार झाडे लावून, भोवती लाकडाचे बुटके कुंपण घातले. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, गरीब मोहल्ल्यांत सुधारलेल्या भूखंडांच्या आसपास बंदुकीचे गुन्हे २९ टक्क्यांनी घटले. त्या कुंपणावरून कोणीही उडी मारून जाऊ शकतो. ते अडवण्यासाठी नव्हतेच. ही जागा कोणाची तरी आहे, एवढे सांगण्यासाठी होते.

आज आपला सगळा भर कॅमेऱ्यावर आहे. निर्भया निधीतून देशातील आठ महानगरांत सुरक्षित शहराची योजना हाती घेण्यात आली; बंगळुरातही त्याखाली हजारो कॅमेरे बसले. माणसे जेथे मोठ्या संख्येने जमतात अशा आस्थापनांनी कॅमेरे लावावेत, असा कायदा कर्नाटकाने २०१७ साली केला. गुन्हा झाल्यावर गुन्हेगार शोधण्यास त्यांचा फार उपयोग होतो. पण कॅमेरा ‘कोण पाहिजे?’ असे विचारीत नाही. मोटारी उभ्या करण्याच्या तळांवर त्याने चोऱ्या घटतात, असे अभ्यासात आढळले आहे. भर रस्त्यातल्या मारहाणीला तो तितका आवर घालीत नाही. कॅमेरा हे नजरेचे पूरक आहे, नजरेची जागा तो घेऊ शकत नाही.

या शास्त्राच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. स्त्रियांवर होणारे कितीतरी अत्याचार घराच्या चार भिंतींच्या आत, ओळखीच्याच माणसांकडून होतात. तेथे रस्त्यावरचा दिवा काय करणार? शिवाय एका बोळीतून हुसकलेला चोर दुसऱ्या बोळीत जाऊ शकतो, जरी दर वेळी तो जातोच असे नाही. परंतु सर्वांत मोठा धोका निराळाच आहे. ‘कोठे?’ हा प्रश्न विचारता विचारता आपण नकळत पुन्हा ‘कोण?’ या प्रश्नावर येतो, आणि तोही तपास न करता. आपल्या देशाला याचा कडू अनुभव आहे. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि कित्येक जमातींना जन्मतःच चोर ठरवले. सोलापूरला त्यांच्यासाठी तारेच्या कुंपणाची वसाहत होती. तेथे माणसांना हजेरी द्यावी लागे. स्वातंत्र्यानंतर, १९५२ साली, तो कायदा रद्द झाला आणि या जमाती विमुक्त म्हणवल्या गेल्या. सोलापुरात त्या भागाला अजूनही सेटलमेंट म्हणतात. तेही एक प्रकारे जागेच्या रचनेतून गुन्हा रोखण्याचेच तत्त्व होते. फरक एवढाच, की कुंपण जागेभोवती नव्हते, माणसाभोवती होते.

हे वाचताना मला आमच्या ठरावाचा मसुदा आठवला. ‘गाडीपाशी कोण कोण येते, कोणास ठाऊक,’ या एका वाक्यावर आम्ही अज्जांना हलवले होते. त्यांच्याविरुद्ध कोणाची तक्रार नव्हती. ते गरीब होते आणि उघड्यावर उभे होते, एवढेच. म्हणजे ज्या माणसामुळे बोळीला डोळे होते, त्यालाच आम्ही संशयित ठरवले. फेरीवाल्यांच्या उपजीविकेला संरक्षण देणारा कायदा २०१४ साली संसदेने केला आहे. तो आम्ही दयेपोटी पाळावा असे कोणी म्हणेल. मी म्हणेन, स्वार्थापोटी पाळावा.

पुढच्या सभेत मी माझाच मसुदा चुकला असे सांगितले आणि दुसरा मांडला. वाद पुष्कळ झाला. भिंत उतरवली तर चोरांना आमंत्रणच, असे म्हणणाऱ्यांची भीती खोटी नव्हती. त्यांच्या घरी एकटी म्हातारी माणसे होती. अखेर थोड्या मतांनी ठराव झाला. बोळीच्या बाजूने भिंतीचा वरचा अर्धा भाग काढून तेथे लोखंडी गज बसवले. आतून बोळ आणि बोळीतून आतली बाग दिसू लागली. बंद केलेले लहान दार उघडून पहारेकऱ्याची खोली तेथे आणली, आणि तिची खिडकी बोळीकडे केली. रस्त्यावरचा दिवा होंगेच्या पानांत गुरफटलेला होता. त्याचा सगळा उजेड झाडालाच मिळत असे. तो झाडाखाली, माणसाच्या डोक्यावर येईल असा लावून घेतला. सगळा खर्च आठ फुटी भिंतीच्या खर्चाहून कमी आला.

अज्जांचा शोध आम्ही केला. ते कोलारकडील आपल्या गावी निघून गेले होते. परत या, असा निरोप पाठवला. ते आले नाहीत. त्यांच्या जागी हल्ली एक शहाळेवाला उभा असतो. त्या बोळीत आता चोरी होणारच नाही, असे मी सांगणार नाही. तसे कोणीच सांगू शकणार नाही. सांगलीकरांची मुलगी मात्र रात्री पुन्हा त्याच वाटेने येते. एखाद्या जागेची राखण नीट झाली आहे काय, याची याहून चांगली कसोटी मला ठाऊक नाही.

श्रोत्यांना एवढीच विनंती आहे. आज रात्री नऊनंतर आपल्या घरापासून बसच्या थांब्यापर्यंत एकदा पायी जाऊन या. किती खिडक्या रस्त्याकडे उघडतात ते पाहा. कोणता दिवा झाडाला उजेड देतो आहे ते पाहा. कोणत्या वळणावर पुढचे माणूस दिसत नाही, कोणत्या जागेला कोणी धनी नाही, ते पाहा. शक्य तर घरातील मुलीला बरोबर न्या आणि ती कोठे पाऊल उचलून भरभर चालू लागते, तिकडे लक्ष द्या. नगरपालिकेला पत्र लिहावयाचे असेल, तर त्या ठिकाणापासून सुरुवात करा. आणि तेथे एखादा इस्त्रीवाला, चहावाला उभा असेल, तर त्याला हलवण्याच्या कागदावर सही करण्यापूर्वी, रात्री नऊ वाजता त्याच्या गाडीपाशी दोन मिनिटे उभे राहून पाहा.